सोलापुरातून लोगोवाल्या भेटवस्तूंचा व्यवसाय: आधी टॉवेल, मशीन नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीकॉम झालेला तरुण, घर सोलापुरात, काकांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे चार माग. पुण्याच्या कंपन्यांना आणि इथल्या पतसंस्थांना लोगो घातलेले टॉवेल, टी-शर्ट, मग, डायऱ्या पुरवायचा विचार आहे. हाताशी पाच-सहा लाख. एम्ब्रॉयडरी मशीन घ्यावं की मगवर छपाई करणारं, आणि सुरुवात कुठून करावी?

मशीनचं उत्तर आधी देऊन टाकतो. पहिल्या वर्षी दोन्हींपैकी एकही घेऊ नका. कारण साध्या गणितात आहे. साडेतीन इंच रुंदीचा बऱ्यापैकी भरीव लोगो साधारण नऊ हजार टाक्यांचा होतो. टॉवेलवर मशीन मिनिटाला ६५० टाक्यांच्या आसपास चालवावं लागतं, त्याहून जोरात पळवलं की दोरा तुटतो. म्हणजे एका नगाला चौदा मिनिटं, आणि फ्रेम चढवणं-उतरवणं धरून सोळा. हजार टॉवेलची ऑर्डर एका हेडच्या, म्हणजे एका वेळी एकच नग भरणाऱ्या, मशीनवर घेतली तर सोळा हजार मिनिटं, म्हणजे रोज दहा तास चालवून सत्तावीस दिवस. तेच काम सहा हेडच्या मशीनवर पाच दिवसांत उरकतं. भेटवस्तूंच्या ऑर्डरी दिवाळीच्या तोंडावर एकदम येतात आणि फेब्रुवारीत मशीन धूळ खातं. तुमचं एक हेड हंगामात अपुरं पडणार आणि बाकीच्या वेळी हप्ता मागत बसणार. मजुरीवर काम करून देणारे मल्टिहेडवाले शहरात आहेत. दर हजार टाक्यांवर ठरतो. वर्षभर किती हजार टाके बाहेर दिले याची वही ठेवा. महिन्याची सरासरी मजुरी मशीनचा हप्ता, ऑपरेटरचा पगार आणि वीज यांच्या बेरजेला सलग सहा महिने ओलांडू लागली, की मशीनचा विषय काढा.

पाच-सहा लाखांतले निदान साडेतीन लाख खेळतं भांडवल म्हणून बाजूला ठेवा. उरलेल्यात एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, एम्ब्रॉयडरीच्या दोऱ्यांचं आणि पॅन्टोनचं (छपाईच्या क्रमांकित रंगछटांचं) शेड कार्ड, कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर चालेल असा संगणक आणि फारतर एक हीट प्रेस, म्हणजे उष्णतेने कापडावर छाप उठवणारं यंत्र. इतक्यावर धंदा सुरू होतो.

आता टॉवेल. इथे तुमच्याकडे जे आहे ते पुण्या-मुंबईतल्या गिफ्टवाल्याकडे नाही, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

टेरी टॉवेलला दोन ताणे (उभे धागे) असतात, एक जमिनीचा, म्हणजे मूळ कापडाचा, आणि एक पाईलचा. पाईलचा ताणा सैल सोडून लूप काढतात, पाणी शोषतात ते हे लूप. लोगो घालायचे मार्ग मुख्यतः तीन: जॅकार्डवर (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) विणून, एम्ब्रॉयडरी करून, किंवा सपाट विणलेल्या पट्टीवर छापून. प्रत्येकाची जागा वेगळी आहे आणि गिऱ्हाइकाला ती तुम्हीच सांगायची आहे.

जॅकार्डवर विणलेलं नाव सर्वांत टिकाऊ, टॉवेल फाटेल पण नाव जाणार नाही. दोन रंगांची पाईल वर-खाली अदलाबदल करते, त्यामुळे पुढून निळ्यावर पांढरं नाव असेल तर मागून पांढऱ्यावर निळं, आणि तेही उलटं, आरशात दिसतं तसं. हे गिऱ्हाइकाला आधी दाखवलं नाही तर माल पोचल्यावर "मागची बाजू चुकली" असा फोन हमखास येतो. बारीक अक्षरं लूपमध्ये फुटतात. अक्षराची उंची निदान एक इंच आणि रेषेची जाडी चार-पाच मिलिमीटर तरी हवी. बारीक घोषवाक्य, फोन नंबर, वेबसाइटचा पत्ता हे विणायच्या भानगडीत पडू नका. शिवाय डिझाइन बसवणं, दोन्ही रंगांचं सूत रंगवून घेणं, बीम (ताण्याचा रूळ) भरणं हा खर्च नग कमी असले तरी तेवढाच राहतो. पाचशे नगांच्या खाली विणलेला लोगो परवडत नाही असं माझं मत आहे, हजाराच्या वर मात्र त्याच्याइतकं किफायतशीर दुसरं काही नाही. हॉटेलं, साखर कारखान्यांचे सभासद, मोठ्या पतसंस्था यांच्यासाठी हाच माल.

एम्ब्रॉयडरी पन्नास नगांपासून पाचशेपर्यंत उत्तम. पण टेरीवरची एम्ब्रॉयडरी शर्टावरच्यासारखी नसते. लूप टाक्यांच्या मधून वर येतात आणि दोन धुण्यांत लोगो केसाळ दिसू लागतो. त्यावर उपाय असा: खाली बॅकिंग (आधाराचं अस्तर), वर पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म, आणि लोगोच्या आधी टॉवेलच्याच रंगाच्या दोऱ्याने जाळीसारखे सैल टाके घालून लूप दाबून घेणं. मशीनला टाके सांगणारी लोगोची फाईल बनवणाऱ्याला "टेरीसाठी बनव" असं स्पष्ट सांगा. टी-शर्टासाठी केलेली फाईल टॉवेलवर चालवणं ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे. फ्रेम फार आवळली तर लूप चिरडून गोल वळ उमटतो. वाफ दिली की बहुतेक वेळा जातो, गडद रंगावर कधी कधी जात नाही. दोरा पॉलिएस्टरचाच घ्या. रेयॉनला चमक सुंदर असते, पण ब्लीचमध्ये टिकत नाही आणि हॉटेल-दवाखान्यात ब्लीच लागतंच. सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत तो टॉवेल बाजूला ठेवायला सांगा. मालात सुईचं टोक गेलं तर कुणाच्या तरी चेहऱ्याला लागणार आहे, तिथे तडजोड नाही.

देवनागरी नावांचा वेगळा त्रास आहे. शिरोरेषा लांब असली की टाक्यांच्या ताणाने कापड आत ओढलं जातं आणि रेष लाटेसारखी होते. अनुस्वाराचं टिंब लूपमध्ये हरवतं, आणि रफार, ऱ्ह, ऱ्य अशा जागी फाईल बनवणाऱ्याचा हात चुकतो. टेरीवर मराठी अक्षर दहा मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. छपाईत आणखी एक खड्डा: श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो. फाईल पुढे पाठवताना मजकूर नेहमी कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदलून पाठवा आणि सोबत छापील पानाचा फोटो जोडा. गिऱ्हाईक लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवतं, तो कामाचा नसतो. सीडीआर, एआय किंवा पीडीएफमधली मूळ वेक्टर फाईल मागा, ती कितीही मोठी केली तरी फुटत नाही. बहुतेकांकडे ती नसते, पण त्यांचं व्हिजिटिंग कार्ड किंवा फलक करणाऱ्याकडे असते.

तिसरा मार्ग छपाईचा. लूपवर स्क्रीन प्रिंट बसत नाही, शाई वरच्यावर राहते आणि धुताना सुटते. छापायचंच असेल तर टॉवेलमध्ये आधीच सपाट विणलेली पट्टी ठेवा, दोन-अडीच इंचांची. काकांच्या मागावर ती सहज निघेल. साध्या किनारीचे टॉवेल शिलकीत ठेवून पट्टीवर हवं ते नाव घालून द्यायचं, ही छोट्या ऑर्डरींसाठी सोलापुरात बसून करता येण्यासारखी सर्वांत चांगली सोय आहे. लग्नातल्या टॉवेल-टोपीच्या आहेरापासून माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यापर्यंत सगळं त्यात बसतं.

टॉवेलचा भाव नगावर सांगितला तरी हिशेब वजनावर चालतो, डझनाला किती किलो हीच खरी भाषा. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ४०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा, असेल तर एक नग ४५० ग्रॅम आणि डझन ५.४ किलो भरायला हवा. पुण्यातलं गिऱ्हाईक "४०० जीएसएम" म्हणतं, मागवाला "साडेपाच किलो" म्हणतो, या दोघांमधला दुभाषी तुम्ही. पण कोऱ्या टॉवेलच्या वजनावर जाऊ नका. खळ आणि फिनिशचं वजन पहिल्या धुण्यात उतरतं. एक टॉवेल धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा मोजा आणि ऑर्डरमध्ये धुतल्यानंतरचं वजन लिहा. त्याच वेळी टेपही लावा. चांगली प्रक्रिया न झालेला सुती टॉवेल पहिल्या धुण्यात लांबीला पाच ते दहा टक्के आटतो. लोगोचा दोरा आटत नाही, म्हणून लोगोभोवती चुण्या पडतात. चुण्या दिसल्या की लोक एम्ब्रॉयडरीवाल्याला धरतात, दोष मात्र टॉवेलचा असतो.

आणखी दोन चाचण्या घरी होतात. पांढरं सुती फडकं ओलं करून गडद टॉवेलवर दहा-वीस वेळा जोरात घासा. लाल, मरून, गडद निळा हे रंग इथे हमखास पकडले जातात. दुसरी, टॉवेलचा तळहाताएवढा तुकडा बादलीतल्या पाण्यावर हलकेच सोडा. दहा सेकंदांत बुडाला तर ठीक. तरंगत राहिला तर मऊपणासाठी सिलिकॉन जास्त मारलंय, हाताला तो मखमली लागेल पण अंग पुसणार नाही. दुकानात विकायला असा माल बरा दिसतो. ज्या टॉवेलवर कुणाचं तरी नाव आहे, तो रोज सकाळी न पुसणारा निघाला तर त्या नावाचीच नालस्ती होते. भेटवस्तूच्या मालाला दुकानी मालापेक्षा कडक नजर लागते, ती यासाठी.

"सोलापुरी" या शब्दाचंही भान ठेवा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. बाहेरून आणलेल्या मालावर सोलापुरी छापणं चूक आहेच, पण इथल्या मालावरही मानांकनाचं चिन्ह नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच लावता येतं. काकांची तशी नोंदणी आहे का ते पाहा. नसेल तर करून घ्या. खोक्यातल्या छोट्या कार्डावर तो उल्लेख आला की पुण्यातला एचआर अधिकारी त्याच टॉवेलला वेगळ्या किमतीत बघतो.

आता मुख्य मुद्दा. या धंद्यात पैसा बुडतो तो बहुतेक वेळा माल वाईट असल्यामुळे नाही, "आम्ही असं सांगितलं नव्हतं" या एका वाक्यामुळे बुडतो. लोगो घातलेला माल परत आला तर दुसऱ्या कुणालाही विकता येत नाही. साधा टॉवेल परत आला तर पेठेत जाईल, एखाद्या पतसंस्थेच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचा टॉवेल कुठे जाणार? म्हणून मंजुरीचा कागद हा तुमच्या व्यवसायाचा कणा समजा. त्यावर टॉवेलचं माप, धुतलेलं वजन, रंग, लोगोचं माप, काठापासून किती इंचांवर, दोऱ्याचा शेड क्रमांक, मजकूर अक्षरशः जसाच्या तसा, घडी कशी, खोकं कोणतं, नग किती, कमी-जास्त किती चालतील, पोचायची तारीख आणि पत्ता. खाली गिऱ्हाइकाची सही. प्रत्यक्ष त्याच मालावर, त्याच दोऱ्याने केलेले तीन नमुने काढा: एक गिऱ्हाइकाकडे, एक तुमच्याकडे, एक मशीनवाल्याकडे टांगलेला. स्क्रीनवरच्या चित्राला मंजुरी म्हणजे मंजुरी नव्हे. मोबाइलवरचा भगवा आणि दोऱ्याचा भगवा कधीच एक नसतो, रंग दिवसाच्या उजेडात, दोरा हातात धरून ठरवायचा.

लोगोची जागा ठरवताना एक युक्ती. टॉवेल आधी खोक्यात जाईल तशी घडी घाला, लोगो दिसायला हवा तिथे टाचणी लावा, मग घडी उलगडून माप घ्या. उलट्या क्रमाने गेलात तर खोकं उघडल्यावर लोगो घडीच्या आत किंवा डोकं खाली पाय वर असा दिसतो. हजार नगांची घडी बदलायला दोन माणसं दोन दिवस लागतात.

भाव काढायचं एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते. पाचशे टॉवेल, नग १६० रुपये. एम्ब्रॉयडरी २५, खोकं १८, दोरे कापणं-घडी-भरणं ५, खराबीसाठी ४, वाहतूक ६, फाईल बनवण्याचा आणि नमुन्यांचा खर्च विभागून २. एकूण २२०. यावर २५ टक्के चढवून २७५ लावलेत तर विक्रीवर नफा २० टक्केच होतो, २५ नाही. इथे पुष्कळ नवे लोक फसतात. ऑर्डरचा ढोबळ नफा साडेसत्तावीस हजार. आता पंधरा टॉवेल नाकारले गेले तर ३,३०० गेले. पैसे दोन महिने अडकले आणि पैशाला महिना दीड टक्का लागत असेल तर नगामागे साडेसहा रुपये, म्हणजे आणखी सव्वातीन हजार. नफ्याचा जवळपास चौथा भाग या दोन फटींतून जातो. म्हणून मागवताना तीन टक्के जास्त मागवा आणि अर्धे पैसे ऑर्डरसोबत घ्या. नाव घातलेल्या मालाला आगाऊ रक्कम मागण्यात संकोच नको, समजूतदार गिऱ्हाईक ती देतं.

मोठ्या कंपन्या मात्र पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) देतात आणि पैसे नंतर. सूक्ष्म-लघु उद्योगांना लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागतं, आणि खरेदीदाराला मालाचा खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच आयकरात वजा मिळतो. पण घोडं इथेच पेंड खातं: हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ व्यापारी म्हणून उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) केली तर नाही. तुम्ही सूत देऊन विणून, शिवून, एम्ब्रॉयडरी करून माल तयार करता की तयार माल घेऊन विकता, यावर नोंदणी कशी करायची ते सीएकडून पहिल्याच महिन्यात ठरवून घ्या.

कराचं बाकी थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून टॉवेल आणि कपडे नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटीत, त्यावर १८. पण भेट म्हणून फुकट वाटलेल्या मालावरच्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) कंपनीला मिळत नाही, त्यामुळे तिच्या दृष्टीने तुमची किंमत करासकट असते. भाव देताना दोन्ही आकडे लिहा. विक्रेत्यांना, एजंटांना वर्षाला २०,००० रुपयांहून जास्तीच्या भेटी देणाऱ्या कंपनीला १० टक्के टीडीएस बघावा लागतो, हा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. तो माहीत असला की गिऱ्हाइकाशी बोलताना तुमची पातळी वेगळी दिसते. माल राज्यातच जात असेल तर महाराष्ट्रात एक लाखाच्या वर ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल), राज्याबाहेर पन्नास हजारांच्या वर.

गिऱ्हाईक कोण? आधी घराजवळचं बघा. पतसंस्था आणि सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात आणि सभासद-भेटीचा विषय पुष्कळदा त्याच सुमारास निघतो. जुलैमध्येच नमुना घेऊन जा, सभेनंतर गेलात तर ऑर्डर दुसऱ्याच्या हातात असते. साखर कारखाने, ठिबक आणि बियाण्यांच्या कंपन्यांचे वितरक, वाहनांचे डीलर, शाळा, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर वारकऱ्यांना पंचे-टोप्या वाटणाऱ्या संस्था, ही सगळी टॉवेल समजणारी माणसं आहेत. दवाखाने सोलापुरात भरपूर आहेत आणि त्यांना स्वतःच्या नावाचे टॉवेल, चादरी, अ‍ॅप्रन लागतात, ते काम चांगलं. औषध कंपन्यांकडून डॉक्टरांसाठी भेटवस्तूंची ऑर्डर आली तर मात्र सावध. औषध कंपन्यांसाठीच्या मार्च २०२४ च्या सरकारी आचारसंहितेनुसार डॉक्टरांना भेटवस्तू देता येत नाहीत. एक हजार रुपयांपर्यंतच्या माहितीपर, शैक्षणिक वस्तू, जसं पुस्तक, डायरी, कॅलेंडर, तेवढ्या चालतात.

टॉवेलसोबत बाकीच्या वस्तू लागतीलच, कारण कंपनीला एकाच माणसाकडून सगळं हवं असतं. त्या विकत आणा, पण कशावर काय बसतं हे पक्कं माहीत हवं.

विणलेल्या कापडाचे शर्ट, गणवेश, अ‍ॅप्रन सोलापुरात उत्तम शिवून मिळतात. निटिंगचे टी-शर्ट तिरुपूरहून येतात. पोलोला (कॉलरच्या टी-शर्टाला) २२० जीएसएमच्या खाली जाऊ नका, कॉलर लवकर मरते. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाई वस्तूत उतरवणारी छपाई, फक्त पॉलिएस्टरवर आणि हलक्या रंगावर, सुती टी-शर्टावर ते पहिल्या धुण्यात पुसट होणार. लाल किंवा मरून पॉलिएस्टरवर पांढरी स्क्रीन प्रिंट घेतली तर उष्णतेने कापडाचा रंग शाईत चढतो आणि दोन दिवसांत पांढरं गुलाबी होतं. माल भरताना पांढरा असतो, पोचताना गुलाबी, म्हणून भांडणं होतात. अशा वेळी खाली ब्लॉकर थर, म्हणजे कापडाचा रंग अडवणारी शाई, मारायला सांगा. स्क्रीन प्रिंटची प्लास्टिसोल शाई पूर्ण १६० अंशांना शिजली नसेल तर ताणल्यावर तडा जातो, नमुन्यातला एक टी-शर्ट ओढून बघा. मापांची यादी नावानिशी लेखी घ्या आणि एक्सएल, डबल एक्सएलचे चार-पाच नग जादा ठेवा, कारण लोक स्वतःचं माप नेहमी एक आकडा कमी सांगतात.

मगवर छापायला सब्लिमेशनचं कोटिंग असलेलाच मग लागतो, १८०-१९० अंशांना तीनेक मिनिटं. कानाजवळ प्रेस नीट टेकत नाही, तिथे चित्र फिकं येतं, म्हणून महत्त्वाचा मजकूर कानापासून लांब. फुटीसाठी तीन टक्के जादा. स्टीलच्या बाटलीवर लेझर सर्वांत टिकाऊ, पण एकच रंग, म्हणजे आतल्या स्टीलचा. यूव्ही प्रिंटमध्ये (अतिनील प्रकाशाने शाई वाळवणाऱ्या छपाईत) सगळे रंग येतात, मात्र खाली प्रायमर मारला नसेल तर घासणीने सुटतात. छापल्यावर चोवीस तासांनी ब्लेडने बारीक चौकटी ओढून चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा, कळतं. बाटल्यांना आणि पॉवर बँकेला बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) अटी आहेत, शिक्का आणि नोंदणी क्रमांक नसलेला स्वस्त माल कंपनीला देऊ नका. ६० जीएसएमच्या खालच्या नॉनवोव्हन पिशव्यांवर ३० सप्टेंबर २०२१ पासून देशभर बंदी आहे. तसंही, यंत्रमागाच्या गावात बसून सुती पिशवी सोडून दुसरं का द्यावं?

कॅलेंडर-डायरीबद्दल एक कायदेशीर गोष्ट सांगतो, कारण मराठी मुलखात ती रोज मोडली जाते. १९५० च्या चिन्हे व नावे कायद्याच्या सूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचं नाव आणि चित्र आहे. जाहिरातीच्या वस्तूंवर केंद्राच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. कॅलेंडरवर चित्राची सूट आहे, पण त्यावर फक्त उत्पादक आणि मुद्रकाचं नाव असेल आणि ते मालाच्या जाहिरातीसाठी नसेल तरच. दुकानाच्या लोगोखाली महाराजांचं चित्र मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. क्रिकेट संघांचे लोगो आणि नटांचे चेहरे यांचंही तेच, हक्कदाराच्या लेखी परवानगीशिवाय नाही. तिथी-सणांचा मजकूर कुणाच्या पंचांगातून घेतला आणि परवानगी आहे का, हे छापखान्याला विचारा.

सोलापूरची पेटी हा एक चांगला प्रकार होऊ शकतो: टॉवेल किंवा लहान चादर, शेंगा चटणी, ज्वारीची कडक भाकरी. पुण्यात याला मान आहे. पण चटणीचं तेल सुटतं आणि पिशवीच्या शिवणीतून झिरपून टॉवेलवर पिवळा डाग पडतो. चटणी हवाबंद डबीत, डबी वेगळ्या पाऊचमध्ये, आणि टॉवेल त्यापासून पुठ्ठ्याने वेगळा. भाकरी खोक्यात सर्वांत वर, नाहीतर चुरा पोचतो. खाद्यपदार्थ स्वतः भरणार असाल तर एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी, बॅच क्रमांक आणि तारीख. एरवी ज्याच्याकडे नोंदणी आहे त्याच्याकडूनच बंद माल घ्या.

तारखा नेहमी मागून मोजा. दिवाळीच्या भेटी कंपनीला वाटायला दहा दिवस आधी हातात हव्या असतात. त्याआधी वाहतूक दोन दिवस, भरणं-घडी तीन, एम्ब्रॉयडरी पाच ते सात, विणणं आणि प्रक्रिया तीन आठवडे, सूत रंगवणं एक आठवडा, नमुना आणि मंजुरी दहा दिवस. बेरीज करा, जवळपास दोन महिने होतात. यात सोलापूरचं स्वतःचं पंचांग धरा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, त्या दिवशी शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, काम होईल असं धरू नका. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची यात्रा, तेव्हा शहर वेगळ्याच नादात असतं. कामगारांना त्या दिवसांत ताण देण्यापेक्षा तारीखच तशी घ्या. आणि कारखान्यात तेलुगू बोलली जाते, चार वाक्यं शिकून घ्या, "टॉवेल कधी उतरेल" याचं खरं उत्तर त्या भाषेत लवकर मिळतं.

तयार माल पाठवण्याआधी शंभरात निदान दहा नग स्वतः उघडा, वरच्या थरातले नव्हे, गठ्ठ्याच्या मधले. मंजूर नमुना शेजारी ठेवून वजन, लोगोची जागा, स्पेलिंग, दोऱ्याची टोकं बघा. दहात दोन चुकले तर पूर्ण गठ्ठा उघडायचा. पुण्याला थोडा माल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून रात्रीत जातो, पण खोक्यावर नग आणि वजन नोंदवून, आत प्लास्टिकचं अस्तर लावून. पावसाळ्यात डिकीत पाणी शिरतं आणि ओला सुती माल दोन दिवसांत कुबट होतो.

सुरुवात उद्या करायची असेल तर काकांकडे जा आणि चार गोष्टी वहीत लिहून आणा: चारही मागांवर कोणत्या रुंदीचा माल चढतो, जॅकार्ड किती मागांना आहे, सध्याच्या टॉवेलचं डझनाचं वजन किती, आणि एक बीम उतरायला किती दिवस लागतात. मग त्यातलाच एक पांढरा आणि एक गडद निळा टॉवेल घरी आणून धुवा, वाळवा, मोजा. त्या दोन टॉवेलांवर जवळच्या एका पतसंस्थेचं नाव घालून नमुना करा, आणि तो घेऊन तिच्या व्यवस्थापकांना भेटा.